चिखल मोजणारे आतोबा

“वहिनी, तुमचं मानूस परत एका पायावर उभं हाय!”

पलीकडच्या बांधावरून शेजारचे बाळूभाऊ ओरडले. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आत्या मान वर न करता म्हणाली, “राहू द्या. पडलं की सांगा.”

पोशीरमध्ये रणगाडा कधीही आला नाही, पण रणगाड्याविषयी पोशीरइतकं जाणणारं गाव अख्ख्या कर्जत-खालापुरात सापडायचं नाही. त्याचं सगळं श्रेय माझ्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे आतोबांना. ते सैन्यात रणगाड्याचे चालक होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रणगाड्यातून ते अजून पुरते खाली उतरलेले नाहीत. कुठलीही ओली जमीन दिसली की ते तिच्यात एक टाच रोवून उभे राहतात, डोळे मिटतात आणि टाच किती आत जाते ते मनात मोजतात. एवढं मोठं लोखंडी धूड चिखलात बुडत कसं नाही, असं मी एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं. ते म्हणाले, “चाकांवरचा पट्टा रुंद असतो ना गं! वजन सगळ्या पट्ट्यावर पसरतं. तू एका टाचेवर उभी राहिलीस तर रनगाड्यापेक्षा जास्त रुतशील.” त्यानंतर बरेच दिवस मला स्वतःच्या टाचांविषयी विनाकारण आदर वाटत होता. कुंभिवलीच्या एका लग्नात त्यांनी मांडवामागच्या मैदानात अशीच टाच रोवली आणि वऱ्हाडाचा टेंपो आत येऊ दिला नाही. वरमाय फुगून बसली. केटरिंगवाल्याने हसत हसत आपली गाडी तिथेच घातली, आणि पंगत बसली तेव्हा जिलबी अजून मैदानातच होती.

आतोबा बांधावर कधी उभे राहत नाहीत, कारण उंचावरचा रणगाडा दुरून आभाळावर उठून दिसतो. ते बांधाआड उभे राहतात, फक्त डोकं वर ठेवून. त्यामुळे गावातले निम्मे लोक त्यांच्या नुसत्या डोक्याशीच बोलतात. स्कूटर नेहमी उलटी, तोंड रस्त्याकडे करून लावतात आणि रोज सकाळी ती सुरू करण्याआधी “तेल? हाय. ब्रेक? हाय. आरसा? नाय, पन चालंल,” अशी मोठ्याने हजेरी घेतात. जेवताना तर इतिहासच उलगडतो. पहिले रणगाडे खंदक ओलांडण्यासाठी बनवले गेले. बनवताना बाहेर सांगितलं, की पाण्याच्या टाक्या तयार होताहेत. ते चालत्या माणसाच्या वेगाने जायचे. आत उघडं इंजिन, धूर आणि अशी धग की माणसं शुद्ध हरपायची. हे सांगताना आतोबा भाकरीचा तुकडा भाताच्या ढिगावरून पलीकडे नेतात, मग लोणच्याची बरणी गोल फिरवून तोफ कशी चहूकडे वळायला लागली ते दाखवतात. “बरनी ठेवा खाली,” आत्या म्हणते. ते ठेवतात. मी मात्र ताटातल्या भाताकडे बघत बसते. शंभर वर्षांपूर्वी त्या भट्टीत बसून काळोखात पुढे सरकणारी माणसं मला तिथे दिसतात, आणि घास तसाच हातात राहतो.

त्यांना रणगाडा शिकवणारे उस्ताद पासष्टच्या लढाईत होते. पंजाबात आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं आणि समोरचे नवे, जड रणगाडे उसाच्या शेतांतल्या चिखलात रुतून बसले. ही गोष्ट सांगताना आतोबांचा आवाज देवळातल्यासारखा होतो. “कुनी हरवलं त्यांना? चिखलानं. आन चिखल आपल्याला कुनी शिकवायला नको.” आतोबांच्या नशिबी स्वतः मात्र एकही लढाई आली नाही. बाळूभाऊ यावरून त्यांना हमखास डिवचतात. गेल्या दिवाळीत त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परक्या देशात एक छोटंसं ड्रोन वरून आलं आणि रणगाडा पेटला. “बघा. तुमचा रनगाडा आता भंगारात!” आतोबांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग विचारलं, “आतली मानसं भाईर आली का रं?” त्या व्हिडिओत ते दाखवलंच नव्हतं.

यंदा कापणीच्या वेळी आत्याचं भात वाऱ्याने आडवं झालं होतं आणि माथेरानच्या अंगाने आभाळ भरून येत होतं. लोधिवलीहून पट्ट्यांवर चालणारं कापणीचं मशीन मागवलं. आतोबांनी आधी सगळ्या खाचरात टाच रोवली आणि ऑपरेटरला बजावलं, “त्या कोपऱ्यात जागेवर वळू नका. लांबून वळसा घ्या, नायतर पट्टा उतरंल.” ऑपरेटर चाळिशीचा, अनुभवी माणूस. तो हसला आणि त्याच कोपऱ्यात जागेवर वळला. दाताखाली खडा यावा तसा आवाज झाला आणि डावा पट्टा दातेरी चाकावरून उतरून चिखलात पडला.

ऑपरेटरने फोन लावला. मेकॅनिक उद्या येणार होता. पाऊस उद्यापर्यंत थांबणार नव्हता, आणि पडलेलं भात एकदा भिजलं की कणसातच मोड येतात. आत्या बांधावर बसून आडव्या भाताच्या लोंब्या हाताने उचलून बघू लागली.

आतोबांनी पँट गुडघ्यापर्यंत वळली, पहार घेतली आणि चिखलात उतरले. पट्टा ताणून धरणारा बोल्ट त्यांनी सैल केला आणि पट्टा हातांनी चाचपत चाकापाशी आणला. लोणच्याची बरणी फिरवणारे ते हेच हात होते. आता ते मला ओळखू येत नव्हते. एवढे शांत, एवढे जाणते. आता ऑपरेटरने मशीन बोटभर पुढे घ्यायचं आणि त्याच वेळी आतोबांनी पहारीने पट्टा दात्यांवर चढवायचा. अडचण एवढीच, की ऑपरेटरला वरून आतोबा दिसत नव्हते आणि इंजिनाच्या आवाजात आतोबांचं त्याला काही ऐकू येत नव्हतं. आमच्याकडे रुतलेल्या गाडीभोवती जमलेला प्रत्येक जण हुकूम सोडतो. “घे घे!” “मागं, मागं!” “दाब रं!” ऑपरेटर गोंधळून सगळ्यांकडे बघत होता.

आतोबा वाकलेले सरळ झाले. “गप ऱ्हावा सगळी! चालकाला एकच आवाज पायजे.” त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि चिखलाने भरलेलं बोट माझ्याकडे केलं. “तू. समोर उभी ऱ्हा. मी दिसतो, तो दिसतो, अशा जागी.”

“तिला?” बाळूभाऊ म्हणाले. “ती तर बोलतच नाय!”

“म्हनून,” आतोबा म्हणाले.

मी चप्पल काढून उतरले. चिखल गार होता. आतोबा पुन्हा खाली वाकले आणि त्यांनी डावा हात चाक आणि पट्ट्याच्या मधे घातला. एवढ्यात मागून कुणीतरी सवयीने ओरडलं, “हां, चल!” ऑपरेटरचा हात लिव्हरकडे गेला.

“थांबा!”

हा आवाज माझा होता. ऑपरेटरचा हात तसाच हवेत राहिला. आतोबांनी हात सावकाश बाहेर काढला, पहार दात्यावर टेकवली आणि वर पाहिलं. उभ्या आयुष्यात कुठल्या रणांगणाने त्यांना हाक मारली नव्हती, आणि या गुडघाभर चिखलात ते माझ्या शब्दाची वाट बघत होते.

मी त्यांची बोटं मोजली. दहाही पहारीवर होती. मग ऑपरेटरच्या डोळ्यांत बघत, सगळ्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता पुढे घ्या. हळू. आमचं माणूस खाली आहे.”