अण्णांच्या फोल्डरची फ्लॉपी

चहा हातात आहे तोवर सांगून टाकतो. असला गाढवपणा तुम्ही जन्मात ऐकला नसेल. हसा खुशाल, पण माझ्या बायकोला सांगू नका. तिला अजून वाटतं, बंगळूरला असताना मी फार हुशार इंजिनिअर होतो!

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी पुण्याहून नुकताच जे. पी. नगरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आलो होतो. माणसं पंधरा आणि सगळ्यांत मिळून मोडेम एक! वेबसाइटवरचा फोटो वरून खाली उतरत यायचा. आधी कपाळ दिसायचं, मग डोळे, आणि नाकाशी आला की लाइन तुटायची.

आणि माझ्या शेजारच्या टेबलावर माने अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचंच. तोच मोडेम, तसाच कॉम्प्युटर, ब्राउझरही माझ्यासारखाच, जहाजाच्या चाकाचं चिन्ह असलेला. पण अण्णांची पानं फटाफट उघडायची!

जळायचो हो मी. सरळ सांगतो, जेवण गोड लागायचं नाही.

"काय रे दिघे, अजून तेच पान? स्वल्प धीर धर की!" अण्णा म्हणायचे.

धीर धर म्हणे! कसं करता, असं विचारलं असतं तर काम संपलं होतं. पण विचारायचं? आणि तेही अण्णांना? मी पुण्याचा माणूस!

त्यातच साहेबांनी जाहीर केलं, की ऑफिसात एक नवी फोनलाइन येतेय, स्वतंत्र मोडेमसकट. तेव्हा बाजारात चालणाऱ्या दोन्ही ब्राउझरांची तुलना करायची, कामाला येणारी छोटी सॉफ्टवेअरं सुचवायची. ज्याचा अहवाल सगळ्यात चांगला, त्याच्या टेबलावर लाइन!

माझ्या एकट्याच्या टेबलावर मोडेम! मी तर तो कुठे ठेवायचा ती जागासुद्धा पुसून घेतली.

पण अण्णांनी लिहिलं तर? त्यांच्या वेगाचं गुपित मला हवंच होतं. अण्णा दुपारी स्कूटरवरून जयनगरला घरी जेवायला जायचे. एका दुपारी ते गेले आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी घातली. त्यांच्या ब्राउझरच्या सेटिंगचं अख्खं फोल्डर उचललं आणि माझ्या मशीनवर नेऊन टाकलं.

काय सांगू! माझीही पानं फटाफट!

मग मी पेटलोच. दोन दिवस जागचा हललो नाही. कुठला ब्राउझर कधी अडकतो, कुठलं प्लग-इन कशाला लागतं, कॉपी केलेला मजकूर लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवणारं सॉफ्टवेअर, सगळं बारा पानांत बसवलं. आणि शेवटी (हे सांगताना आजही मान खाली जाते) एक वाक्य घातलं: "आपले ज्येष्ठ सहकारी श्री. माने यांना दुसऱ्या ब्राउझरचा गंधही नाही. त्यांच्या टेबलावर नवी लाइन देणे म्हणजे ती वाया घालवणे होय."

खाली माझं नाव लिहिलं नाही. लिहायचं कशाला? मेल पाठवलं की नाव आपोआप लागायचं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मी नवा शर्ट घालून पुढे बसलो.

साहेब इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगतो. "असा अहवाल मी आजवर वाचला नाही. अभिनंदन, माने अण्णा!"

माझ्या कानात शिट्टी वाजली.

"मी? सर, मी काही लिहिलंच नाही," अण्णा म्हणाले.

"बघा, किती विनय! आणि शेवटचं वाक्य? स्वतःबद्दल इतकं परखड कोण लिहितं? अशा माणसालाच लाइन मिळायला हवी!"

टाळ्या! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या ब्राउझरमध्ये मेलसुद्धा असायचं, आणि नाव, पत्ता, सही सगळं त्याच फोल्डरात! मी अण्णांचा वेग आणला, त्याबरोबर अख्खे अण्णाच घेऊन आलो होतो.

आता उठून काय सांगणार? साहेब, अहवाल माझा आहे, फक्त मी आधी चोरी केली? बसलो. टाळ्या वाजवत बसलो!

संध्याकाळी अण्णा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. खिशातून एक फ्लॉपी काढून समोर ठेवली. वर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'दिघे, खासगी'. काही उरलं का बघायला मी ती पुन्हा त्यांच्या मशीनमध्ये घातली होती, आणि गडबडीत तिथेच विसरलो होतो.

"अण्णा... मी..."

"सरी, सरी, असू दे. साहेबांना काही सांगत नाही मी. पण एवढं सगळं कशाला करायलास रे? मी फोटो बंद करून ठेवलेत. सेटिंगमध्ये एक टिक असते, ती काढायची. झालं!"

एक टिक! फोटोंच्या जागचे रिकामे चौकोन मलाही दिसले होते, पण वेगाच्या नादात लक्ष कुठे होतं! एका टिकेसाठी मी चोर झालो, आणि बारा पानं लिहून लाइन दुसऱ्याला मिळवून दिली.

तेवढ्यात साहेब तिथून जाताना थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुड! असाच त्यांच्याजवळ बसत जा, दिघे. अण्णांकडून काहीतरी घे."

मी फ्लॉपीवर हळूच पालथा हात ठेवला आणि म्हणालो, "हो सर."