बेटावरून बेपत्ता अन्नपूर्णा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात, पण निवृत्तीनंतर केलेला एक तपास मात्र अगदी लख्ख आठवतो. अंगावर गणवेश नव्हता, मदतीला ठाणं नव्हतं आणि हद्द तर चक्क ग्रीसची होती.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं दुबईत, करामा भागात मुलाकडे राहायला आलो. तो म्हणाला, "आई, या व्हेकेशनला कुठे जायचं ते तू सांग." ही म्हणाली, "जिथे बघण्यासारखं काही नसेल तिथे." म्हणून ग्रीसचं एक छोटंसं बेट निवडलं, तिथे भाड्याने घर घेतलं. चार गल्ल्या, एक धक्का, मांजरं आणि समुद्र. जेवण धक्क्यावरच्या खानावळीत. ही दिवसभर अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसून राही. लग्न झाल्यापासून तिला इतकी निवांत मी पाहिलीच नव्हती.

एके सकाळी स्वयंपाकघरात चहा करायला गेलो. फळीवरची तांदळाची वाटी जागेवर नव्हती. त्या वाटीत हिची अन्नपूर्णा असते. लग्नात हिच्या आईने दिलेली, बोटाएवढी पितळी मूर्ती. माझ्या प्रत्येक बदलीत सामान ट्रकने आलं, अन्नपूर्णा मात्र हिच्या मांडीवर. हिची आई आता नाही, माहेरचं घरही नाही. उरली ती एवढीच खूण. हिला कळलं असतं तर सुट्टी तिथेच संपली असती.

मुलाला बाजूला घेतलं. "आईला अवाक्षर कळू देऊ नकोस."

"बाबा, पोलिसांना कॉल करू का?"

"अरे, मग मी कोण आहे?"

घटनास्थळाची पाहणी केली. कडीकुलूप शाबूत, पैसे आणि पासपोर्ट जागेवर. म्हणजे येणारा ओळखीचा. मग खानावळीत जाऊन बसलो. थेट विचारलं की माणूस सावध होतो, खायला मागवलं की बोलतो. मुलगा इंग्रजीत दुभाषा झाला. कॉफी संपेपर्यंत खबर मिळाली. शेजारच्या आजीबाई आदल्या दिवशी आमच्या अंगणातून एप्रनखाली काहीतरी झाकून नेताना दिसल्या होत्या.

भर दुपारी त्यांचं दार ठोठावलं. आजीबाई डोळे चोळत आल्या. मी हातवारे करून वाटी दाखवली, मूर्ती दाखवली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मला त्यांच्या भाषेत झापलं आणि दार लावून घेतलं.

"बघितलंस? मुद्देमाल इथेच आहे."

"खलास, बाबा! आता तरी आईला सांगू या."

"आधी मुद्देमाल, मग आई."

मागे वळलो तर ही कुंपणाशी उभी. "अहो, दुपारच्या वेळी त्यांना कशाला उठवलंत? इथे सगळे झोपतात."

आता सांगणं भाग होतं. भल्याभल्यांना घाम फोडला, पण इथे माझीच जीभ अडखळली. "हे बघ, घाबरू नकोस. तुझी अन्नपूर्णा..."

"ती होय? त्यांच्याकडे आहे. मीच दिली."

"तू दिलीस?"

"गावाला जाताना आपण देव शेजारी नाही का ठेवत? मी सुट्टीवर, मग तिलाच कशाला स्वयंपाकघरात बसवायचं? खुणा करून सांगितलं, बाईंना बरोब्बर कळलं." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अख्ख्या बेटाला विचारत फिरलात. मला नाही विचारलंत?"

मुलगा पोट धरून हसत सुटला.

संध्याकाळी आजीबाईंनी आत बोलावलं. त्यांच्या देवांच्या तसबिरींपाशी, तेलाच्या दिव्यासमोर अन्नपूर्णा तांदळात ऐटीत बसली होती. मी हात पुढे केला, तर हिने थांबवलं.

"राहू दे. निघताना नेऊ. माहेरपणाला आलीय ती."

ज्याची वस्तू गेली त्याचा जबाब आधी घ्यावा, हे मी नव्या फौजदारांकडून घोकून घेत असे. घरात मात्र हिला काय हवं, काय नको, हे मीच ठरवून मोकळा होत होतो. लिंबाखाली तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुला इथे आणखी राहायचं आहे का?"

"आत्ता कसं विचारलंत!" ती म्हणाली.

मी मुलाला हाक मारली आणि परतीची तिकिटं पुढे ढकलायला लावली.