भिजत घातलेली सलामी

आमच्या घरात पहिल्यांदा सलामी आली तेव्हा आईनं ती भिजत घातली.

तिचंही बरोबरच होतं. तिच्या माहेरी, कोकणात, खारवून टिकवलेली कुठलीही गोष्ट घरात आली की आधी पाण्यात टाकायची, मीठ सुटू द्यायचं, पाणी मोरीत ओतायचं आणि मगच फोडणीकडे वळायचं, हीच रीत. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथं सलामी, सॉसेज असले मांसाचे प्रकार तयार व्हायचे आणि तिथल्या थंड खोल्यांची मशिनं बाबा सांभाळायचे. शनिवारी कामगारांना तुटक्या चकत्यांचं एक पाकीट मिळायचं. त्या दिवशी बाबांनी ते मोठ्या ऐटीत ओट्यावर ठेवलं आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर गुलाबी चकत्या पातेल्यात पोहत होत्या.

"अगं, हे काय केलंस?"

"मीठ नको सोडवायला? आणि हे कसलं आहे ते आधी सांगा. डुकराचं असेल तर हे पातेलं मी परत चुलीवर चढवणार नाही."

"कोंबडीचं आहे. डुकराचं वेगळ्या मशिनीवर होतं. आणि हे धुवायचं नसतं गं. साहेब लोक असंच पावात घालून खातात."

"मग साहेब लोकांना सांगा, धुवून खात जा म्हणून," असं म्हणून आईनं त्या चकत्यांचं कांदा-कोकम घालून कालवण केलं. बाबांनी ते मुकाट खाल्लं. मी दोनदा वाढून घेतलं.

हे ऐंशीच्या दशकातलं. परळच्या चाळीतून आम्ही नुकतेच नेरूळला आलो होतो. इमारती थोड्या आणि मोकळी जमीन फार, अशी तेव्हा तिथली परिस्थिती. पण घरात आमचा स्वतःचा नळ होता, स्वतःचा संडास होता आणि बाबांनी भंगारातून आणून, स्वतः गॅस भरून चालू केलेला एक फ्रिज होता. तो इतका घरघरायचा की पाहुणे दचकायचे. बाबांना मात्र त्याचा केवढा अभिमान! या सगळ्यामागे कारखान्याची नोकरी होती, म्हणून कारखान्याविषयी कुणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नसे.

पुढच्याच वर्षी माझा भाऊ झाला. आई त्या बाळंतपणानं पार खचली. अंगात रक्त कमी, चार पायऱ्या चढली की धाप. त्यात भाऊ रात्रभर रडायचा आणि पहाटे कुठं झोपायचा. मग आईचाही डोळा तेव्हाच लागायचा. आणि नेमकी तेव्हाच बाबांच्या पहिल्या पाळीच्या डब्याची वेळ व्हायची. तांदळाची भाकरी आणि भाजी, हा डबा आईनं लग्नापासून कधी चुकवला नव्हता.

एक दिवस बाबांनी जाहीर केलं, "उद्यापासून डबा नको. पाव आणि सलामी नेतो. कंपनीत सगळे तेच खातात. आणि मला आवडतं ते."

आई शेजारच्या काकूंना थट्टेच्या सुरात म्हणाली, "आमच्या ह्यांना आता साहेबी जेवण लागतं. आमची भाकरी घशाखाली उतरत नाही." काकू हसल्या. आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, ते मी बघितलं.

ज्या कामगारांना पाकीट नको असायचं ते बाबांना देऊन टाकायचे. त्यामुळे फ्रिजमध्ये सलामीला तोटा नव्हता. बाबा आदल्या संध्याकाळी स्वतः पाव चिरून, चकत्या भरून ठेवायचे आणि पहाटे कडी इतक्या हळू लावायचे की बाहेर पडल्याचं कुणाला कळू नये. सात-आठ महिने हेच चाललं. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. बुटांचे बंद संध्याकाळी सैल करावे लागायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा हवा भरली आणि म्हणाले, "बीपी बरंच वाढलंय. ही गोळी रोज घ्या. मीठ कमी करा. लोणचं, पापड, सुकी मासळी एकदम बंद."

आई घरी आली ती पांढरीफटक पडून. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, याच दुखण्यानं गेले होते. एक बाजू लुळी पडून ते दोन पावसाळे खाटेवर होते आणि त्यांना भरवण्यापासून सगळं आईनंच केलं होतं. ती खाट तिच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नाही. त्या संध्याकाळी लोणच्याची बरणी काकूंकडे गेली आणि पापडांचा डबा वरच्या फळीवर. शेजारच्या सारसोळे गावाहून सुकी मासळी घेऊन यायची ती कोळीण टोपली उतरवायला लागली, तर आईनं दारातूनच नको म्हटलं.

"काय गो बाय, सुकट नको? कोनी काय बोलला काय तुला? माज्यावर रुसलीस?"

आईनं तिला आत बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. ती बिचारी टोपली न उघडताच गेली.

त्यानंतर आमच्या घरात जे शिजायचं ते गिळण्यासाठी धैर्य लागायचं. आमटी म्हणजे पिवळं गरम पाणी. एकट्या बाबांना अळणी वाढायचं आणि आम्ही चवीचं खायचं, हे आईला पटणारं नव्हतं. प्रत्येक पातेल्यात बोट बुडवून ती चव बघायची आणि किंचित जरी खारट लागलं तरी पाणी वाढवायची. एवढं करून बीपी उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आई रात्री बाबांच्या उशाशी बसून त्यांच्या हाताची बोटं हलवून बघायची, जिवंत आहेत ना म्हणून. मला ते बघवत नसे.

आणि या सगळ्या काळात रोज सकाळी पाव-सलामी डब्यात जातच होती. कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे मीठ दिसायचं. बोंबलावर पांढरं फुललेलं असायचं, लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी साठलेलं असायचं. ही तर गुळगुळीत, गुलाबी, कारखान्यातून पाकीटबंद होऊन आलेली. तिला खारवलेलं कोण म्हणणार? डॉक्टरांनी नाव घेतलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मग एका रविवारी सकाळपासून लाइट गेली. फ्रिज गप्प झाला. चकत्या वाया जातील म्हणून आईनं जुन्या सवयीनं त्या पातेल्यात भिजत घातल्या, कालवण करायला. थोड्या वेळानं पाणी ओतायला म्हणून पातेलं उचललं आणि आताशा लागलेल्या सवयीनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मी समोरच वाटाणे सोलत बसले होते. आई तशीच उभी राहिली. परत बोट बुडवलं, परत चाखलं. मग ते पाणी तिनं वाटीत काढलं, बाबांपुढे नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "प्या."

बाबांनी एक घोट घेतला आणि थुंकायला मोरीकडे धावले. "खाडीचं पाणी आणलंस काय?"

"तुमच्या डब्यातलं आहे. मी महिनोन् महिने पोरांना अळणी घालतेय आणि तुम्ही हे रोज खाताय. उद्यापासून मी भाकरी देणार."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "दुसरं काहीही सांग. पाव-भाजी नेतो, पाव-केळं नेतो. भाकरी नको."

आईचा इतके दिवसांचा बांध फुटला. "माझ्या हातची भाकरी एवढी नकोशी झाली तुम्हाला? आता जिवावर बेतलंय तरी नको?" आणि ती ओट्याला टेकून रडायला लागली. इतकी की बाळ उठलं.

बाबांनी बाळाला उचललं. त्याला थोपटत, आईकडे न बघता म्हणाले, "मला काय ते आवडतं? रबर चावल्यासारखं लागतं. मी रोज ते होताना बघतो तिथं. तुला पहाटेचीच काय ती झोप मिळते गं. ती मोडून भाकऱ्या थापत बसलीस तर तू किती दिवस टिकशील? म्हणून म्हटलं आवडतं."

आई रडायची थांबली. मला वाटलं, आता ती हसेल. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खोटारडे आहात तुम्ही." आयुष्यात तिनं बाबांना इतक्या प्रेमानं दुसरं काही म्हटलेलं मला आठवत नाही.

सलामी बंद झाली. एवढ्यानं बीपी पार गेलं असं नाही, गोळी जन्मभर राहिली, पण पुढच्या काही महिन्यांत डॉक्टर पट्टा सोडताना बरा चेहरा करायला लागले. आता मीच आजी झालेय आणि माझ्या सुनेच्या फ्रिजमध्येही ती पाकिटं असतात. नुसतं मीठच नाही, ते टिकवायला घालतात त्या गोष्टीही रोज पोटात जाणं बरं नव्हे, असं आता डॉक्टरच सांगतात. मी सुनेला एवढंच म्हणते, कधीमधी सहलीला खा, वाढदिवसाला खा, मी पण खाईन. रोजच्या डब्यात नको. ती हो म्हणते. पोरांच्या डब्यात काय जातं ते मी उघडून बघत नाही.

भाकरीचा तिढा तेव्हा बाबांनीच सोडवला. म्हणाले, भाकरी मी करीन, तू उठायचं नाहीस. तांदळाची भाकरी म्हणजे काही गंमत नव्हे. उकड नीट निघाली नाही तर ती थापताना फाटते. सुरुवातीला बाबांच्या भाकऱ्यांना इतके कोपरे असायचे की डब्यात बसायच्या नाहीत. पण ते रोज पहाटे उठायचे, दिवा न लावता स्वयंपाकघरात जायचे, दार ओढून घ्यायचे आणि मग हळूच थापण्याचा आवाज यायचा.

मी आईच्या कुशीत असायचे. आईचे डोळे मिटलेले असायचे, पण कान तिकडेच. एका पहाटे ती पुटपुटली, "पाणी जास्त झालंय. चिकटणार आता."

"आई, तू जागी आहेस? मग ऊठ ना," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप पड. त्यांना वाटू दे मी झोपलेय."