रकान्यातला बहादूर

इफ्फत मुकादम ज्या कचेरीत कारकून आहे, तिचं नाव ती सहसा घेत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "नाव कशाला हवं? मी तिथे आहे, एवढी बदनामी पुरे." पंचवीस वर्षांत तिच्याकडे जन्ममृत्यूची नोंद आली, पाणीपट्टी आली, मोकाट कुत्र्यांच्या तक्रारीसुद्धा आल्या. प्रत्येक टेबलावरून उठताना आपण मागे सगळं जागच्या जागी ठेवून उठलो, अशी तिची पक्की समजूत होती. ती समजूत कशी गेली हे ती स्वतःच ज्याला त्याला सांगत सुटते, म्हणून ते इथे सांगायला हरकत नाही.

गेल्या जानेवारीत वरून पत्र आलं. बाहेरून येऊन शहरात राबणाऱ्या कामगारांसाठी साहाय्य मेळावा घ्यावा, त्यांच्या अडचणी जाणून घ्याव्यात, आरोग्य तपासणी करावी आणि फोटोंसह अहवाल पाठवावा. आता रत्नागिरीत बाहेरून आलेले म्हणजे मुख्यतः नेपाळी. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी तेच, आंब्याच्या बागा राखणारेही तेच. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, नेपाळी कुणाला येतं? कुणालाच येत नव्हतं. हात फक्त इफ्फतने वर केला. तिचं म्हणणं असं की लिपी एकच आहे, आणि जे वाचता येतं ते बोलता यायला कितीसा वेळ लागणार?

शिवाय परमुलखात राबणाऱ्या माणसाचं दुःख आपल्याला घरातूनच ठाऊक आहे, असंही तिला वाटत होतं. तिचे अब्बा मुसा मुकादम बावीस वर्षं कुवेतला क्रेन चालवत होते. तिथे त्यांना कुणी कधी मुसा म्हटलं नाही. फोरमनपासून मालकापर्यंत सगळे म्हणायचे रफीक, म्हणजे दोस्त. पाकिस्तानी रफीक, बंगाली रफीक, मुसाही रफीक. माणसाचं नाव हिरावून घेणं हा केवढा अन्याय, हे इफ्फतने आजवर दोन निरोपसमारंभांत आणि एका महिलादिनाला भरल्या गळ्याने सांगितलेलं होतं. तिसऱ्या वेळी लोक आधीच डोळे पुसायला लागले, तेही ती सांगते.

मेळाव्याची तयारी जोरात झाली. हॉल घेतला, दोनशे खुर्च्या आणि दोनशे बटाटेवडे सांगितले. आमंत्रणाच्या पत्रकावर तळाला तिने आपल्या सवयीने एक ओळ टाकली, 'येताना ओळखपत्र सोबत आणणे बंधनकारक.' भाषण मात्र तिने मोबाईलच्या मदतीने नेपाळीत लिहिलं आणि आठ दिवस आरशासमोर म्हटलं. शेवटचं वाक्य तिने स्वतः जुळवलं होतं. आमची तुम्हा सगळ्यांवर माया आहे, असं तिला म्हणायचं होतं, आणि माया हा शब्द नेपाळीतही आहे हे कळल्यावर तिला फारच आनंद झाला होता.

रविवारी अकराला मेळावा होता. अकरा वाजले, साडेअकरा झाले, बारा वाजले. हॉलमध्ये कचेरीतले पाच जण, रक्तदाब मोजणारी नर्स सगुणाताई पाडावे आणि साहेब, एवढीच माणसं. सगुणाताईंनी वेळ जावा म्हणून सगळ्यांचे रक्तदाब मोजले. सगळ्यांत जास्त इफ्फतचा निघाला.

साहेबांना पुढे दुसरा कार्यक्रम होता. ते म्हणाले, जे कोण आहेत त्यांच्यासमोर उरकून घ्या, फोटो तर हवेतच. तेव्हा इफ्फतचं लक्ष गेलं की शेवटच्या रांगेत एक नेपाळी माणूस बसलेला आहे. पन्नाशीचा, शांत, मांडीवर हात ठेवून. तिच्या जिवात जीव आला. तिने त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं आणि माईक घेतला. दोनशे खुर्च्यांसमोर, त्या एका माणसाकडे बघत तिने सात मिनिटं भाषण केलं. शेवटी ती म्हणाली, "म तपाईंलाई माया गर्छु."

तो माणूस खाली बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मग साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, फोटो निघाले. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, असं इफ्फतने खुणेने सुचवलं. माणसाने माईक नको म्हणून हात हलवला आणि शुद्ध रत्नागिरीच्या हेलात हळूच म्हणाला, "मॅडम, मी खुर्च्या न्यायला आलोय. टेम्पो उभा आहे बाहेर."

त्याचं नाव टेकराज रोकाया. ज्या मालकाच्या आंबाबागेत तो राखणीला होता, त्याच मालकाचा मंडप आणि खुर्च्यांचा धंदा होता. रत्नागिरीत येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. खुर्च्या उचलता उचलता त्याने इफ्फतला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की तिने जे शेवटी म्हटलं ते नेपाळीत नवरा बायकोला म्हणतो, तेही एकांतात. दुसरी ही की कुणी न येण्याचं कारण सोपं आहे. रविवारी बोटी समुद्रात असतात. शुक्रवारी नमाजामुळे बंदरात उभ्या राहतात. आणि ओळखपत्राची ओळ वाचून बागेतल्यांना वाटलं, पोलिसांचं बोलावणं आहे.

शुक्रवारी बोटी बंदरात असतात, हे इफ्फतला नेपाळहून आलेल्या माणसाने सांगितलं. इफ्फतचा जन्म मिरकरवाड्यातला. तिच्या आजोबांच्या दोन होड्या होत्या.

सगळा टेम्पो भरून झाल्यावर टेकराज परत आत आला. एक काम होतं म्हणाला, आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. त्याच्या मुलीचा, संस्कृतीचा, जन्मदाखला होता तो. पोरगी बागेतल्या मांगरात, राखणदाराच्या खोपटात, जन्मली होती, आता नववीत होती. शाळेत तिचं नाव संस्कृती टेकराज रोकाया असं होतं. पण दहावीच्या फॉर्मला दाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळायला हवं, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. दाखला जुळत नव्हता.

इफ्फतने कागद उलगडला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'बहादूर नेपाळी'.

कुठल्या गाढवाने लिहिलंय हे, असं ती म्हणणार होती. तोंडापर्यंत शब्द आला होता. तेवढ्यात तिचं लक्ष दीर्घ ईकाराकडे गेलं. ईकाराची शेपटी छत्रीच्या मुठीसारखी वळवायची सवय साऱ्या कचेरीत एकाच माणसाला होती.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली.

"होय," टेकराज म्हणाला. "मी तेव्हा नाव सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढं कठीण नाव कोण लिहीत बसणार, बहादूर पुरे. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. जसं घडलं तसं त्याने सांगितलं. इफ्फतला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं. एवढी गोष्ट केली आणि ती लक्षात ठेवण्याजोगीसुद्धा वाटली नाही.

घरी गेल्यावर तिने अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा पडवीत खुर्चीत बसून सुपाऱ्या कातरत होते. रफीकची गोष्ट सांगत ती गावभर फिरली होती, तो माणूस समोर बसून आता दुसऱ्याची गोष्ट ऐकत होता. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "तुझ्या टेबलासमोर मी आलो असतो तर मीही बहादूरच झालो असतो गो."

इफ्फत रडली नाही. तिला हसू आलं आणि ते आवरेना, असं ती सांगते. तिची आई शरीफा आतून विचारायला आली की झालं काय, तेव्हा बापलेकींपैकी कुणालाच नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्तीची टिपणी लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'सदर नोंद अनवधानाने चुकीची झाल्याचे दिसून येते.' वाचलं तर त्यात चूक होती, पण चुकणारं कुणीच नव्हतं. दुसऱ्यात चुकीचं कारण कामाचा ताण असं दिलं. मग तिला आठवलं की त्या काळात ती दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायची. तिसऱ्या खर्ड्यात तिने सरळ लिहिलं की अर्जदाराने आपलं नाव सांगितलं होतं, आणि मी आळसाने दुसरं लिहिलं. खाली सही केली.

साहेब म्हणाले, एवढं कशाला लिहिता, लेखनिक चूक म्हणा आणि मोकळ्या व्हा. पण तोवर टिपणीला आवक क्रमांक पडला होता. इफ्फत सांगते, धैर्य वगैरे काही नव्हतं, क्रमांक पडल्यावर कागद मागे घेता येत नाही एवढंच. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला लेखी समज देणारं ज्ञापन मिळालं. ते तिने पाणीपट्टीच्या पावत्यांबरोबर जपून ठेवलं आहे.

मग प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, नेपाळच्या कागदांच्या नकला, असं करत एप्रिल उजाडला. मधल्या काळात तिने जुनी रजिस्टरं काढून पाहिली. आणखी सात बहादूर सापडले. चार तिच्या अक्षरातले, तीन दुसऱ्याच्या. ते तीन बघून आपल्याला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होत नसतो, असं ती स्वतःच म्हणते.

त्या सातांना शोधायचं तर कचेरीत बसून भागणार नव्हतं. म्हणून फेब्रुवारीपासून शुक्रवारी दुपारी ती मिरकरवाड्याच्या जेटीजवळ, बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत, एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसायला लागली. साहेबांची परवानगी तिने दुसऱ्या शुक्रवारनंतर मागितली. टेकराजने बागांमध्ये निरोप फिरवला. सगुणाताई आपलं यंत्र घेऊन आल्या. पहिल्या दिवशी अकरा माणसं आली, त्यातली चार नुसती सावलीला. मग हळूहळू कुणाच्या मुलाचं लसीकरण राहिलेलं, कुणाला रेशनचं विचारायचं, कुणाला बोटीवरून पाय घसरून पडल्यावर दवाखान्यात सांगितलेलं समजलेलं नव्हतं, अशी माणसं यायला लागली. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी त्रेसष्ट होती. भाषण झालं नाही. इफ्फत प्रत्येकाला आधी नाव विचारायची, अक्षर अक्षर लिहायची आणि वही फिरवून त्याला दाखवायची. यात इतका वेळ जायचा की रांगेतले लोक कंटाळायचे. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, माझं बहादूर लिहा, चालेल, बोट सुटतेय." त्याचं नाव खरोखरच बहादूर होतं. इफ्फतने तरी त्याचं ओळखपत्र दोनदा पाहिलं.

सातांपैकी पाच सापडले. एक घर कायमचं गावी गेलं होतं, एकाचा पत्ता आजही लागलेला नाही.

एप्रिलच्या मध्यात संस्कृतीचा नवा दाखला तयार झाला. टेकराज, त्याची बायको मैना आणि संस्कृती असे तिघं कचेरीत आले. आंबाकाढणीचे दिवस होते, तिघांना अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळाली होती. इफ्फतने दाखला थाटात दिला. टेकराजने तो न बघताच कपाळाला लावला. संस्कृतीने मात्र तो त्याच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला.

"बाबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आईचं मीना केलंय. ती मैना आहे."

टायपिंग इफ्फतचंच होतं.

सोमवारी या, हे दोन शब्द तिच्या जिभेवर आपसूक आले. मैनाकडे तिने पाहिलं. बाई पदराने चेहरा पुसत होती आणि घड्याळाकडे बघत होती, कारण बागेच्या बाजूची एस.टी. साडेतीनला होती. इफ्फत खुर्चीत बसली, मैनाला शेजारी बसवलं आणि दाखला पुन्हा टाइप करायला घेतला. मैनाला वाचता येत नव्हतं. म्हणून इफ्फतने पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून दाखवलं, आणि संस्कृती मागे उभी राहून हो म्हणत राहिली. मग साहेबांची सही, मग शिक्का. तिघं पळत निघाले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर इफ्फतच्या लक्षात आलं, पोच घ्यायची राहिली. रजिस्टर काखेत मारून, चपलेचा अंगठा तुटलेला तसाच फरफटत, ती भर उन्हात स्टँडकडे धावली. एस.टी. सुटायला आली होती. खिडकीतून तिने रजिस्टर आत दिलं. टेकराजने मांडीवर ठेवून सावकाश सही केली, आपलं पूर्ण नाव, मराठीत. कंडक्टरने बेल मारली. रजिस्टर खिडकीतून परत आलं, पण पेन तिथेच राहिलं.

ते पेन कचेरीचं होतं, असं ती शेवटी सांगते, आणि त्याबद्दल तिने अजून कुणाला काही लिहून दिलेलं नाही.