वागियाहची इस्त्री

पहाटेच्या बांगेआधी, चारला, वागियाहचा दिवस सुरू व्हायचा. इंडोनेशियात, सुराबायातल्या आमच्या गल्लीत ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. शेवटच्या चार ओढण्या राहिल्या की प्लग काढायची आणि उरलेल्या धगीवर त्या उरकायची. फुकट जाणारी ऊब तिला बघवत नसे.

तिच्या घरी मीटर नव्हतं. शेजारच्या रुस्मिनीकडून वायर ओढलेली, महिन्याला ठरलेले पैसे. रुस्मिनीचं मीटर आगाऊ भरायचं. पैसे संपत आले की ते कोकलायचं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

एकदा ते कोकलत असतानाच रुस्मिनी वागियाहच्या दारात आली. मोठ्या बाईला आमच्याकडे बू म्हणतात, धाकटीला म्बाक.

"म्बाक, तुझी इस्त्री सगळी वीज खाते. या महिन्यापासून अर्धं बिल तुझं."

"आणि तुमचा फ्रिज? दाराचं रबर गेलंय, नाडीनं बांधलाय. भाताचा कुकर रात्रंदिवस गरम. भात पिवळा पडतो, तरी चालूच."

"ते गुपचूप चालतात गं. तू इस्त्री लावलीस की माझे दिवे मिणमिणतात!"

"तुमचा नवरापण गुपचूपच जेवतो, बू. म्हणून काय पातेलं भरलेलं राहतं?"

गल्लीतल्या बाकावर बसलेले आम्ही सगळे हसलो. रुस्मिनी भडकली. "अर्धं बिल दे, नाहीतर वायर कापते!"

"कापायचे कष्ट कशाला घेता?" वागियाहनं वायर स्वतः सोडवली, नीट गुंडाळली आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तिच्या आईची कोळशाची इस्त्री निघाली, झाकणाच्या खिटीवर पितळी कोंबडा असलेली. निखारे फुलवायला ती हलवत राहायची, केळीच्या पानावर तळ घासून गुळगुळीत करायचा, मग कापडावर फिरवायचा. पांढऱ्या शर्टावर राख उडाली की तो पुन्हा धुवायचा. दोन गिऱ्हाइकं तुटली. मनगट सुजलं. मी बंदरात जन्मभर पोती वाहिली, पण ती इस्त्री दिवसभर मला उचलवली नसती.

"जा, तडजोड कर," मी म्हटलं.

"मी खाल्लं त्याचे पैसे दिलेत. न खाल्ल्याचे देणार नाही."

पुढच्या महिन्यात रुस्मिनीचं मीटर पुन्हा कोकललं. पूर्वीपेक्षा जरा उशिरा, पण कोकललंच. वागियाहनं खिडकीतून डोकं काढलं.

"बू रुस्मिनी, आता कोण खातंय?"

संध्याकाळी रुस्मिनी वायर घेऊन आली. "जोड पुन्हा. जुनेच पैसे दे."

"नको."

"कोळशानं मरशील!"

"मरेन, पण तुमच्या फ्रिजच्या नावानं नाही."

पुढची पावणेदोन वर्षं तिनं कोळशावरच काढली. त्या मजुरीतून भिंतीवर एक मीटर आलं, सगळ्यात लहान, वागियाहच्या नावाचं. त्यावर एक दिवा आणि एक इस्त्री. ओढण्या अजूनही प्लग काढल्यावरच होतात.