बंद कानात आलेली हाक

आधीच सांगून टाकतो, मी विज्ञानाचा मास्तर आहे. केज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी तो पायानं बाजूला सारतो, आणि बायको त्यावरून दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

बारा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, साधी. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनऐवजी शेक द्यायचं ठरवलं – म्हणजे रेडिएशन. गाठ जाणार नाही, फक्त वाढायची थांबेल, कान मात्र हळूहळू जाऊ शकतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे अजिबात पटलं नाही. आम्ही धनगर, त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला.

"मेंढीची गाठ आपुन फोडून मोकळं होतो. तुझी कावून ठिवायची?"

तरी शेक घेतला. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून झोपवायचे, एवढाच काय तो त्रास. गाठ थांबली ती आजतागायत. तोंड वाकडं झालं नाही, चालताना तोल गेला नाही. चौथ्या वर्षी कान मात्र पूर्ण गेला. एका कानावर भागतं हो, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. मागच्या बाकावरून कुणी 'सर' म्हटलं की मी खिडकीकडे बघतो आणि अख्खा वर्ग हसतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार, दुपारचा एक. अण्णा सकाळी मेंढरं घेऊन माळावर गेले ते जेवायला आलेच नाहीत. मी भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो. वाटेत बायकोचा फोन – मेंढरं ओढ्याकडे दिसली म्हणे. आमच्यात हे पक्कं आहे, मेंढरं जिथं, अण्णा तिथं. कळप सोडून ते कधी हलत नाहीत. मी डावीकडे ओढ्याच्या वाटेला लागलो. फोन डाव्या कानाला, बायको बोलतेय... आणि उजवीकडून अण्णांचा आवाज आला.

"दत्ता, हिकडं."

मोठ्यानं नाही. शेजारी बसून बोलावं तसा.

मी जागच्या जागी थांबलो. आठ वर्षांत पहिल्यांदा मला आवाजाची बाजू कळली होती! उजवीकडे नुसता माळ, आणि त्याच्या टोकाला मुरुमाची जुनी खदान. बायको ओढा, ओढा करतेय. मी फोन बंद केला आणि खदानीकडे पळत सुटलो.

अण्णा तळाशी पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ पांढरे, ऊन थेट अंगावर. मेंढरं केव्हाच पाण्याला निघून गेली होती. चार माणसं बोलावून त्यांना वर काढलं. आणखी तास-दोन तास गेले असते तर अवघड होतं, असं दवाखान्यात सांगितलं. मी तिथंच व्हरांड्यात बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी अण्णांना विचारलं, हाक मारली होती का?

"मारल्या की, सकाळी. लई मारल्या. मंग आवाजच निघंना. तू आला तवा मला कायबी सुद नवती."

पुढच्या महिन्यात माझी नेहमीची तपासणी होती. गाठ होती तेवढीच. कानाची टेस्ट – उजवीकडे शून्य. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मेंदू कधी कधी आठवणीतला आवाज ऐकवतो, म्हणाले. असेल. पण खदानीची बाजू मेंदूला कुणी सांगितली? त्या डॉक्टरांचे उपकार मात्र मी विसरणार नाही. त्यांनी गाठ थांबवून माझा तोल राखला, म्हणून मी त्या दिवशी माळावरून पळू शकलो.

अण्णा आता काठी घेऊन चालतात. संध्याकाळी ओट्यावर मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला बसतात आणि त्या कानाशी हळूहळू काहीबाही सांगत राहतात. तो कान त्यांच्यापुरता चालू आहे, अशी त्यांची खात्री आहे. मला एक अक्षर ऐकू येत नाही. मी 'हो अण्णा, हो' म्हणत राहतो.