पाण्यात न लागणारा बोल्ट

आमची काकू होड्यांची शिडं शिवते. तिच्या बोटांना घट्टे पडलेत आणि जिभेला हाड नाही. फक्त एका माणसाबद्दल ती चकार शब्द काढत नसे.

काका बुडून गेला तो शिडाच्या छोट्या होडीतून, गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेतात तसल्या. अशा होडीच्या पोटाखाली जड लोखंडी पातं असतं. रस्त्यावर ते वर दुमडायचं, पाण्यात खाली सोडायचं आणि आडवा बोल्ट घालून पक्कं करायचं. नाहीतर मोठ्या लाटेत होडी कलंडली की पातं आत घसरतं आणि होडी सरळ व्हायचं नाव घेत नाही. होडी विकणाऱ्या गोडबोल्याने काकाला बोल्ट दिलाच नव्हता. चौकशीत मात्र तो बेधडक म्हणाला, "बोल्ट फक्त रस्त्यावर लागतो, पाण्यात गरजच नाही. होडी भर समुद्रातही दणकट आहे. चालवणाऱ्यालाच अक्कल नव्हती." जन्म समुद्रावर काढलेला माझा काका मेल्यावर अडाणी ठरला.

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटायचा. काकू मात्र त्याचीच शिडं शिवत राहिली. लोकांना ती लाचार वाटली. मलाही.

मग गोडबोल्याच्या एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, तसलीच होडी खवळलेल्या समुद्रात चालवून दाखवा. नवं शीड काकूचं, म्हणून सुकाणूवर ती आणि दोर ओढायला मी; गोडबोल्या आणि गिऱ्हाईकही होडीत. बंदराची भिंत ओलांडली, पहिल्याच मोठ्या लाटेला होडी आडवी झाली आणि खाली धाडकन आवाज आला. गोडबोल्या पांढराफटक पडला.

"बोल्ट कुठाय?"

काकूने खिशातून काढून दाखवला. "हा? पाण्यात लागत नाही ना?"

"अहो बाई, लावा आधी! पातं आत गेलं तर सगळे मरू!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पहिल्यापासून ठाऊक आहे! लावा हो, पाया पडतो!"

गिऱ्हाईक डोलकाठीला मिठी मारून ऐकत होतं. काकूने त्या बिचाऱ्याचाही जीव टांगणीला लावला, असं लोक म्हणतात. लावलाच. गोडबोल्याचं ते रडणं आठवलं की मला अजून बरं वाटतं.

काकूने सुकाणू माझ्याकडे दिलं आणि वाकून बोल्ट ठोकून बसवला. गोडबोल्या धक्क्याकडे हात करायला लागला. तिने मला होडी वळवू दिली नाही.

"आता हेच पुन्हा सांगा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन. मोठ्याने."

तो सांगेपर्यंत आम्ही आत समुद्रातच जात राहिलो.